भाकरी करपली, दोष तव्याचा की हाताचा? क्वार्टरबॅक पारखण्याची गोष्ट

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा पोरगा दर एप्रिलमध्ये मेसेज करून मला भंडावून सोडतो, कारण सगळ्या खानदानात त्याचं अमेरिकन फुटबॉल ऐकून घेणारा मी एकटाच. २०२५ च्या एप्रिलमधला त्याचा प्रश्न मात्र खरंच चांगला होता. "काका, शेडूर सँडर्सचे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी शंभरातले ७४ पास बरोबर पोचले, टीव्हीवाले त्याला पहिल्या राऊंडमध्ये धरून बसलेले, आणि घेतला कधी, तर १४४ व्या नंबरवर. आणि जोश ॲलनचे कॉलेजात ५६ पोचायचे, त्याला २०१८ मध्ये सातव्या नंबरवर घेतला. हे लोक मार्कशीट उलटी धरून वाचतात का?"

मी त्याला आधी "फोन करतो" म्हणालो आणि मग केलाच नाही, कारण उत्तर एका फोनात मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते

अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ टीम आहेत. कॉलेजात खेळणारी पोरं दर वर्षी एप्रिलमध्ये या टीम वाटून घेतात, सात राऊंड, तीन दिवस, साधारण अडीचशे पोरं, आणि त्याला म्हणतात ड्राफ्ट. आयपीएलचा लिलाव डोक्यात आणू नका, इथे बोली वगैरे लागत नाही. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात रद्दी खेळली ती आधी उचलणार, चॅम्पियन टीम राऊंडच्या शेवटी. नंबर आवडला नाही तर दुसऱ्या टीमशी अदलाबदल करता येते, वर काहीतरी देऊन. बफेलो या टीमने ॲलनसाठी तेच केलं. आधी आपला एक अनुभवी खेळाडू सिनसिनाटीला देऊन २१ वरून १२ वर आले, आणि मग ऐन ड्राफ्टच्या रात्री दुसऱ्या राऊंडचे दोन नंबर टॅम्पा बेला देऊन १२ वरून सातवर. म्हणजे ५६ टक्केवाल्या पोरासाठी हे लोक रांगेत पुढे घुसायला वर पैसे मोजल्यासारखं करत होते.

क्वार्टरबॅकचं काम अडीच सेकंदांचं

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावाला बॉल हातात घेऊन तो कुणाला द्यायचा ते ठरवणारा गडी. बॉल त्याच्या हातात आला की पाच धिप्पाड माणसं त्याच्याभोवती भिंत करतात, त्या भिंतीच्या आतल्या जागेला पॉकेट म्हणतात. ही भिंत अडीच-तीन सेकंद टिकते, फार तर फार. तेवढ्यात त्याने समोरच्या टीमची मांडणी बघायची, पहिला साथीदार मोकळा आहे का बघायचं, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा, आणि फेकायचं. आणि हे करताना दीडशे किलोचा माणूस आपल्याला चिरडायला येतोय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत असतं पण तिकडे बघायचं नाही.

शिवाय फेकायचं कुठे, तर माणूस जिथे आहे तिथे नाही. सुटलेल्या लोकलच्या दारात तुम्ही उभे आहात, मित्र प्लॅटफॉर्मवर पळतोय आणि त्याची राहिलेली बॅग तुम्हाला त्याच्याकडे टाकायचीय, तर तो आत्ता जिथे दिसतोय तिथे टाकली की ती त्याच्या मागे पडणार. तो दोन पावलांनी जिथे असेल तिथे टाकायची. क्वार्टरबॅकला हे करायचं असतं चाळीस यार्डांवर, मधे दोन विरोधी खेळाडू उड्या मारत असताना. साथीदाराने झेलला तर तो पास पूर्ण, विरोधी खेळाडूने झेलला तर इंटरसेप्शन, आणि फेकायच्या आधीच क्वार्टरबॅक आडवा झाला तर सॅक. एवढे तीन शब्द पुरेत.

टक्केवारी खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते

ॲलनची कॉलेजची टक्केवारी ५६.२. बिल पार्सेल्स नावाच्या जुन्या नावाजलेल्या कोचचे क्वार्टरबॅक निवडायचे काही ठोकताळे होते, त्यातला एक असा की पोराने कॉलेजात किमान ६० टक्के पास पूर्ण केलेले असावेत. त्या चाळणीतून ॲलन खाली पडतो. आकडेवारीवाली मंडळी २०१८ मध्ये घसा कोरडा करून सांगत होती की कॉलेजात नेम नाही त्याला एनएफएलमध्ये नेम येत नाही, तिथे तर बचाव आणखी कडक. त्यांचं म्हणणं येडपटपणाचं नव्हतं, आधीच्या बऱ्याच पोरांचा इतिहास त्यांच्या बाजूने होता.

पण भाकरी करपली की पहिला प्रश्न काय असतो? तवा तसलाच होता की करणाऱ्याचा हात कच्चा? टक्केवारी फक्त भाकरी करपली एवढं सांगते.

ॲलनचा तवा बघा. वायोमिंग युनिव्हर्सिटी, लॅरामी गाव, स्टेडियम समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या वर, वारा सुटला की विचारू नका. २०१६ मध्ये त्याच्यासोबत बरी माणसं होती, त्याने २८ टचडाऊन पास टाकले, म्हणजे समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात झेलले जाऊन थेट गुण देणारे पास. त्या सीझननंतर त्याचा मुख्य धावणारा खेळाडू, दोन महत्त्वाचे पास झेलणारे आणि भिंतीच्या मधला माणूस असे चार जण एकदम एनएफएलच्या टीमांकडे गेले. २०१७ मध्ये टचडाऊन २८ वरून १६ वर. आता हात तोच होता ना?

दुसरं म्हणजे फेकता किती लांब. काही कॉलेजांचा खेळच असा असतो की क्वार्टरबॅकने बाजूच्या माणसाला दोन-तीन यार्डांवर बॉल द्यायचा आणि पुढचं पळणं त्याने करायचं. असे पास ९० टक्के पूर्ण होणारच, सिंगल काढून काढून स्ट्राइक रेट राखल्यासारखं. वायोमिंगचा खेळ जुन्या वळणाचा, लांब पास टाकायचा. त्यामुळे ५६ आणि ७४ हे दोन आकडे एका फूटपट्टीने मोजता येत नाहीत, पासची लांबी, झेलणाऱ्याने सोडलेले झेल, अंगावर आलेला दबाव हे सगळं आधी वजा करायला लागतं.

आता पोरगा धुतल्या तांदळासारखा होता असंही नाही हां. मोठ्या टीमसमोर त्याची भंबेरी उडायची. २०१६ मध्ये नेब्रास्काविरुद्ध एका मॅचमध्ये पाच इंटरसेप्शन, २०१७ मध्ये ओरेगनविरुद्ध २४ पैकी फक्त ९ पास पूर्ण. जवळचा सोपा पास पण हा असा फेकायचा की जणू समोरच्याचं काही वाकडं आहे. म्हणजे तवाही वाईट होता आणि हातही कच्चा होता, आणि खरं काम यानंतर सुरू होतं, कारण कच्चा हात दोन प्रकारचा असतो, शिकवलं तर सुधारणारा आणि कितीही शिकवा तसाच राहणारा.

व्हिडिओ बघताना नेमकं काय बघतात

टीमची माणसं पोराची प्रत्येक मॅच पुन्हा पुन्हा बघतात, याला ते टेप म्हणतात, टेप आता कुठेच नसली तरी. आपण बघतो तेव्हा बॉलच्या मागे डोळे जातात. ते बॉल बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते पाय बघतात. डोकं पहिल्या माणसाकडून दुसऱ्याकडे वळतं का बघतात. भिंत फुटली की पोरगा एक पाऊल पुढे सरकून जागा करतो की गोल फिरून पळत सुटतो ते बघतात.

ॲलनच्या टेपमध्ये जाणकारांना दिसलं ते असं की पास चुकतो तेव्हा बहुतेक वेळा आधी पाय चुकलेले असतात. फेकायच्या दिशेला पाय आणि कंबर नीट वळलेलीच नसायची, सगळा जोर एकट्या खांद्याचा. गोलंदाजाचं लँडिंग बिघडलं की लाइन बिघडते, तसलाच प्रकार. आणि पाय का बिघडलेले, तर कुणी घडवलेच नव्हते. हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या लहानशा गावातला शेतकऱ्याचा पोरगा, शाळेत फुटबॉलबरोबर बास्केटबॉल, बेसबॉल सगळं खेळायचा आणि घरच्या शेतात राबायचा. बाकीचे क्वार्टरबॅक बारा-तेरा वर्षांपासून पैसे भरून खास कोचकडे जात होते तेव्हा हा त्यात नव्हताच. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नाही, मग रीडली नावाच्या दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात गेला आणि तिथून वायोमिंग.

म्हणजे बफेलोचा हिशोब असा होता की पोराकडे जे आहे ते शिकवून येत नाही (सहा फूट पाच इंच उंची, १०७ किलो, सत्तर यार्ड सहज जाणारा पास), आणि जे नाही ते कदाचित शिकवून येईल. आणि त्यांचं स्टेडियम ईरी सरोवराच्या काठच्या वाऱ्यात, डिसेंबरमध्ये तिथे कमजोर हाताचा पास पतंगासारखा भरकटतो. त्यांना तो हात बाकीच्यांपेक्षा जास्त मोलाचा होता.

पहिल्या वर्षी ५२.८ टक्के. लोक हसले. दुसऱ्या वर्षी ५८.८. तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२ टक्के आणि ३७ टचडाऊन पास, आणि बफेलोने १९९५ नंतर पहिल्यांदा आपला गट जिंकला. मधल्या सुट्ट्यांत तो जॉर्डन पामर नावाच्या कोचकडे जाऊन पाय आणि कंबर यांवर घाम गाळत होता, आणि त्याच २०२० मध्ये टीमने स्टेफॉन डिग्स हा पास झेलणारा पट्टीचा खेळाडू आणला. हात सुधारला आणि तवाही बदलला, नक्की कशाचं श्रेय किती हे तेव्हाही कुणाला वेगळं काढता आलं नाही आणि मला तर मुळीच येणार नाही. २०२४ सीझनचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

मग शेडूरचं काय बिघडलं?

शेडूर नेमका उलटा. हात साधा, पण नेम सुंदर, आणि तवा त्याचाही वाईटच, त्याच्या कॉलेजची, कोलोरॅडोची, भिंत कागदाची होती. दोन सीझनमध्ये त्याला ९० च्या वर सॅक झाले. सहानुभूती इथेच वाटते ना? पण टेप बघणारे म्हणतात थांबा, यातले कितीतरी सॅक भिंतीचे नाहीत, याचेच आहेत, कारण हा बॉल धरून बसतो आणि दबाव आला की मागे मागे सरकतो. सॅक म्हटलं की आपण भिंतीला शिव्या घालतो, पण बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की सॅक खायची सवय ही क्वार्टरबॅकची स्वतःची असते आणि कॉलेजातून एनएफएलमध्ये त्याच्याबरोबर जाते. घर बदललं तरी घोरणं बदलत नाही तसं.

तरी १४४ वा नंबर नुसत्या खेळावरून पटत नाही मला. मुलाखतींबद्दल उलटसुलट बातम्या येत होत्या, वडील डियॉन सँडर्स म्हणजे खेळातलं मोठं नाव, त्याच्याभोवतीचा कॅमेऱ्यांचा गराडा, हे पण त्यात आलंच. राखीव म्हणून ठेवायचा पोरगा एवढा गाजावाजा घेऊन येत असेल तर टीमला तो नकोसा होतो. शेवटी क्लीव्हलंडच्या टीमने त्याला घेतला, तोही दोन राऊंड आधी दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर.

पंजा इंचात मोजतात ते खरं का?

खरं आहे, हसू नका. दर वर्षी इंडियानापोलिसला पोरांना गोळा करतात, उंची, वजन, धाव, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा मोजतात. ॲलनचा पंजा दहा इंचांच्या वर. २०२० मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकचा नऊ इंच निघाला तर त्याने स्वतःच ट्विट केलं की आता रिटायर व्हायचा विचार करतोय, एवढ्याशा हातातून बॉल निसटणार म्हणे. महिन्या-दोन महिन्यांनी त्यालाच पहिल्या नंबरवर घेतलं.

डोक्याच्या परीक्षाही असतात. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचा अशाच एका परीक्षेतला फारच कमी स्कोअर बाहेर फुटला, लोकांनी दोन आठवडे चघळलं, आणि त्याच सीझनला नव्या आक्रमक खेळाडूंमधला सर्वोत्तम तोच ठरला. मला विचाराल तर अशा मापांचा उपयोग दवाखान्यातल्या वजनकाट्याएवढा. काही भलतंच निघालं तर डॉक्टर थांबतो, एवढंच.

"पण मग लॅमार जॅक्सनला कुणी तवा-हात का नाही लावला?"

पुतण्याला मी २०१८ बद्दल एवढं सांगितलं असतं तर त्याचा पुढचा प्रश्न हाच आला असता, आणि तो रास्तच आहे. त्याच ड्राफ्टमध्ये लुईव्हिलचा लॅमार जॅक्सन होता. त्याची टक्केवारी ५७, ॲलनएवढीच. वर त्याने २०१६ ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, जिंकलेली. पळणं असं की बचाववाले नुसते वारा पकडायचे. ॲलनला लोक म्हणाले "सुधारेल", लॅमारला म्हणाले "क्वार्टरबॅकचा नाद सोड, पास झेलणारा हो". बिल पोलियनसारख्या जुन्या नामवंत व्यवस्थापकाने हे जाहीर बोलून दाखवलं होतं. पहिल्या राऊंडच्या अगदी शेवटी, ३२ व्या नंबरवर, बाल्टिमोरने त्याला घेतला. २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू तो, एकही मत विरोधात न जाता, आणि २०२३ चाही तोच.

एकाचा दोष "कच्चा माल" आणि दुसऱ्याचा तोच दोष "याला जमणारच नाही" हे कसं? काळ्या क्वार्टरबॅकला डोक्याचं काम जमत नाही, तो नुसता पळतो, हा अमेरिकेतला फार जुना समज आहे आणि तो २०१८ मध्येही मेला नव्हता. पारखणाऱ्याच्या डोळ्यात आधीपासून एक चेहरा बसलेला असतो, उंच, गोरा, लांब फेकणारा. ॲलन त्या चेहऱ्यात बसला. ॲलन चांगला निघाला म्हणून ती नजर स्वच्छ होती असं होत नाही.

"म्हणजे हातात ताकद असली की बाकी शिकवता येतं?"

नाही! ॲलननंतर दर वर्षी एक पोरगा "पुढचा ॲलन" म्हणून विकला जातो आणि हे सगळ्यात महाग पडलेलं चुकीचं शिक्षण आहे. २०२३ मध्ये इंडियानापोलिसने फ्लोरिडाचा अँथनी रिचर्डसन चौथ्या नंबरवर घेतला. शरीर अफाट, ११० किलोचा माणूस आणि चाळीस यार्ड ४.४३ सेकंदांत. कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच फक्त १३, टक्केवारी ५५ च्या आत. पहिल्या वर्षी खांदा गेला, दुसऱ्या वर्षी ४७.७ टक्के, तिसऱ्या वर्षी त्याची जागा दुसऱ्याला दिली. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे लान्ससाठी भविष्यातले पहिल्या राऊंडचे नंबर उधळून तिसऱ्या नंबरवर उडी मारली, आणि पुढच्याच वर्षी शेवटच्या, २६२ व्या नंबरवर घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक होऊन बसला. पर्डी कॉलेजात चार वर्षं खेळलेला. लान्सच्या गाठीला धड दीड सीझन पण नव्हता.

मैदानावर काढलेला वेळ हा मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे. मॅचच कमी खेळला असेल तर दोष कुठला आणि कशामुळे हे टेपवर दिसणार तरी कसं?

एवढा पैसा, एवढी माणसं, तरी चुकतात कसे?

कारण अर्धं उत्तर पोरामध्ये नसतंच, ते पोरगा कुठे जातो त्यात असतं. २०१८ मध्येच दहाव्या नंबरवर जोश रोझन गेला, त्या सगळ्यांत सर्वात घोटीव पास टाकणारा समजला जायचा. ॲरिझोनाने सीझन चालू असतानाच आक्रमणाचा कोच काढला, सीझन संपल्यावर मुख्य कोच काढला, नव्याने आलेल्या कोचने दुसऱ्या वर्षी पहिल्या नंबरवर कायलर मरे घेतला आणि रोझनला मायामीला धाडला. करिअर तिथून सावरलंच नाही. तिसऱ्या नंबरचा सॅम डार्नल्ड न्यू यॉर्कमध्ये फसला, नंतर टीम बदलत बदलत २०२४ मध्ये मिनेसोटाकडून १४ मॅच जिंकून गेला. पहिल्या नंबरचा बेकर मेफिल्ड चौथ्या टीममध्ये जाऊन स्थिरावला. एकाच ड्राफ्टची ही पाच पोरं, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये लावलेला क्रम आज बघितला तर हसू येतं.

पैशाचं गणितही चुका करायला भाग पाडतं. २०१० पर्यंत पहिल्या नंबरचा पोरगा थेट खजिना घेऊन जायचा, सॅम ब्रॅडफर्डला एकही मॅच खेळायच्या आधी ५ कोटी डॉलरची हमी मिळाली. २०११ पासून नंबरप्रमाणे पगार जवळपास ठरलेला. ॲलनचा पहिला करार चार वर्षांचा, साधारण २ कोटी १० लाख डॉलर, आणि पुढचा, २०२१ चा, सहा वर्षांसाठी २५ कोटी ८० लाखांपर्यंतचा. मधल्या स्वस्त वर्षांत उरलेल्या पैशातून बाकी टीम भारी बनवता येते. त्यामुळे चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळण्याची लॉटरी लागावी म्हणून टीम घाई करतात, दहावीचा निकाल लागायच्या आधी इंजिनिअरिंगचा क्लास लावणाऱ्या पालकांसारखं.

पुतण्याला शेवटी मी एवढंच लिहून पाठवलं की पुढच्या वेळी कुठल्या पोराचे भारी भारी टचडाऊन मला पाठवू नकोस, हरलेल्या मॅचचा तिसरा क्वार्टर, म्हणजे चारातला तिसरा भाग, पाठव, भिंत फुटलेली असताना त्याचे पाय कुठे जातात तेवढं बघतो. त्याचं उत्तर आलं, "काका, ते यूट्यूबवर कुणी टाकतच नाही."